डॉ. ड्यू बॉइस : शाळेच्या प्रत्येक पायरीवर उभी असलेली विषमता



परमपूज्य बाबासाहेब शाळा कसे शिकले हे आपल्या घरातील लहान मूलही सांगू शकेल. वर्गात वेगळे बसणे, घरून तरटाचा तुकडा नेणे, शिपाई आला तरच पाणी मिळणे, हायस्कुलात संस्कृत नाकारले जाणे, ही सारी हकीकत आपण जयंतीच्या सभेत दरवर्षी ऐकतो. बाबासाहेब १९१३ साली ज्या अमेरिकेत शिकावयास गेले तेथे आपल्यासारखा जातिभेद नव्हता. पण कातडीच्या रंगावरून माणसाला हीन लेखण्याची रीत होती. तेथील काळ्या मुलांना शाळेत काय काय सोसावे लागले याची आपल्याला फारशी माहिती नसते. म्हणून आज एका कृष्णवर्णीय विद्वानाचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी त्याचे उत्तरही दिले होते. ती हकीकत पुढे येईलच.

हे चरित्र वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. विषमता मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी एकदाच भेटते आणि मग त्याची वाट सोडते, असे होत नाही. मूल एक पायरी चढले की पुढच्या पायरीवर ती दुसरे सोंग घेऊन उभी असते. कधी ती रंगाचे सोंग घेते, कधी पैशाचे, कधी कायद्याचे. हे सोंग ओळखता आले नाही की मुलाला वाटू लागते, दोष आपलाच आहे. आणि आईबापांनाही तेच वाटू लागले, तर त्या मुलाची शाळा तेथेच संपते.

जन्म आणि गाव

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली यादवी युद्धाच्या शेवटी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८६८ रोजी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी विल्यमचा जन्म झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदावी दुरुस्ती अमलात आली आणि काळ्या माणसाला कागदावर नागरिकत्व व कायद्यापुढे समानता मिळाली. कागदावरची समानता आणि शाळेतली समानता यांत किती अंतर असते, हे पाहण्यात या मुलाचे पुढचे पंचाण्णव वर्षांचे आयुष्य गेले.

मॅसॅच्युसेट्स हे उत्तरेकडील राज्य. तेथे काळ्यांसाठी वेगळी शाळा नव्हती. गावात काळ्यांची घरे अगदी थोडी, आणि त्यांची मुले गोऱ्यांच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसत. विल्यम दोन वर्षांचा असतानाच त्याचे वडील घर सोडून गेले. आई मेरी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून मुलाला वाढवीत होती. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला आणि एक अंग लुळे पडले. तरीही तिने मुलाची शाळा सोडविली नाही. विल्यम शाळा सुटल्यावर कोळसा भरी, वर्तमानपत्रे विकी, लोकांची किरकोळ कामे करी आणि मिळतील ते पैसे आईच्या हाती ठेवी. आपल्यातील किती घरांची ही कहाणी आहे, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

पहिली पायरी : एकाच वर्गात, पण पडद्याआड

एकाच वर्गात बसायला मिळाले म्हणजे समता आली, असे आपण सहज समजतो. विल्यमच्या शाळेत एकदा मुलामुलींनी आपापल्या नावाची कार्डे विकत घेऊन एकमेकांना देण्याचा खेळ काढला. सगळे हसतखेळत चालले होते. नव्याने आलेल्या एका मुलीने मात्र विल्यमचे कार्ड घेण्यास नकार दिला. कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. एवढेच झाले. पण त्या दिवशी त्या लहान मुलाला कळले की आपण या सर्वांसारखे असूनही यांच्या जगापासून एका पडद्याने वेगळे केलेले आहोत. पुढे त्यांनी याच पडद्याची कल्पना घेऊन १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा ग्रंथ लिहिला आणि तो जगभर वाचला गेला.

आपल्या मुलाच्या शाळेत आज त्याला कोणी वेगळे तरट देत नसेल. पण डबा खाताना कोणी बाजूला सरकले, आडनाव विचारून कोणी गप्प झाले, तर ते मूल घरी येऊन नेहमीच सांगते असे नाही. ते मुकाट्याने पडदा ओळखते. आईबापांनी त्याच्याशी बोलले पाहिजे, ते याचसाठी.

दुसरी पायरी : ग्रीकचे पुस्तक

हायस्कुलात विल्यमची बुद्धी पाहून मुख्याध्यापक फ्रँक हॉस्मर यांनी त्याला कॉलेजात जाण्याच्या तयारीचा अभ्यासक्रम घ्यावयास लावला. त्यात लॅटिन, ग्रीक, बीजगणित आणि भूमिती हे विषय होते. मोलकरणीच्या मुलाला ग्रीक शिकवायचे कशाला, असे त्यांनी म्हटले असते तर कोणालाही त्यात वावगे वाटले नसते. विल्यम व्यापाराचा किंवा हातकामाचा अभ्यासक्रम घेऊन बाहेर पडला असता आणि आज आपण त्याचे नावही ऐकले नसते. एका शिक्षकाच्या एका निर्णयाने त्याची दिशा ठरली.

पण ग्रीकची पुस्तके महाग होती. मेरीला ती घेणे शक्यच नव्हते. शेवटी गावातील एका श्रीमंत बाईने ती घेऊन दिली. येथे पाहा : रंग आड आला नाही, तर पैसा आड आला. मदत मिळाली म्हणून दार उघडले. ती मिळाली नसती तर हुशार असूनही मुलगा मागे राहिला असता आणि लोकांनी म्हटले असते की काळ्यांना ग्रीक जमत नाही. बाबासाहेबांना संस्कृत जातीमुळे नाकारले गेले आणि फारशी घ्यावी लागली. एकाला जातीने अडवले, दुसऱ्याला गरिबीने अडवू पाहिले. पण दोन्ही ठिकाणी ज्ञानाची जी शाखा वरच्यांची समजली जाते, तिच्यापाशीच खालच्याला थांबविले जाते.

१८८४ साली विल्यम हायस्कूलमधून उत्तीर्ण झाला. त्या वर्गात काळा मुलगा तो एकटाच होता. पुढच्याच वर्षी त्याची आई वारली.

तिसरी पायरी : दक्षिणेकडे

विल्यमला हार्वर्डला जायचे होते. ते अमेरिकेतील सर्वांत जुने आणि सर्वांत मानाचे विद्यापीठ. पण पैसा नव्हता आणि गावातील भल्या लोकांनाही वाटत होते की या मुलाची जागा त्याच्या लोकांत, दक्षिणेत आहे. काही चर्चनी वर्गणी गोळा केली आणि १८८५ साली सतराव्या वर्षी तो टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात गेला. ही संस्था गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी १८६६ साली निघाली होती. मदतीतही कशी दिशा लपलेली असते ते पाहा. त्यांनी मदत केली, हे खरे. पण कोठे जायचे हे त्यांनी ठरविले.

तरीही फिस्कमध्ये त्याचा फार मोठा लाभ झाला. आयुष्यात प्रथमच तो शेकडो कृष्णवर्णीय तरुण-तरुणींच्या सहवासात आला आणि आपण एकटे नाही हे त्याला कळले. सुट्टीत तो शिक्षकाची परीक्षा देऊन, पायी गावोगाव फिरून, खेड्यात शाळा मिळते का ते शोधू लागला. अलेक्झांड्रिया नावाच्या गावाजवळच्या टेकड्यांत त्याला एक शाळा मिळाली. १८८६ आणि १८८७ या दोन उन्हाळ्यांत त्याने तेथे शिकविले.

ती शाळा म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची एक झोपडी होती. पूर्वी तेथे मका साठवीत असत. दाराच्या जागी नुसती मोकळी जागा, मुलांना बसण्यासाठी पाठ नसलेल्या फळ्या, आणि मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत करावी लागे. शाळा मंजूर झाली त्या दिवशी गोऱ्या अधिकाऱ्याने त्याला जेवावयास बोलावले. पण आधी गोरे जेवले, मग याला एकट्याला वाढले.

मुले शिकायला आतुर होती. पण शेतीचे काम आले की ती गैरहजर राहत. कोणी लहान भावंडाला सांभाळायला घरी राही, कोणी कापणीला जाई. मग मास्तर त्यांच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालीत. त्यांच्यात जोसी नावाची एक वीस वर्षांची मुलगी होती. घरात खाणारी तोंडे खूप. तिला नॅशव्हिलला जाऊन पुढे शिकायचे होते. ती ध्यास घेऊन शिकत होती. पण घरावर अडचणीमागून अडचणी आल्या. जोसी शिकण्याऐवजी शहरात मोलमजुरी करून घराला पैसे पाठवू लागली. दहा वर्षांनी ड्यू बॉइस पुन्हा त्या गावी गेले तेव्हा जोसी मरण पावली होती.

वाचकहो, जोसीला कोणत्याही कायद्याने शाळेतून काढले नव्हते. कोणी तिच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. आज नाही, पुढच्या वर्षी; धाकटा मोठा झाल्यावर; कर्ज फिटल्यावर; असे म्हणता म्हणता तिचे शिक्षण संपले. आपल्या वस्तीत अशा जोसी आहेत की नाहीत, याचा ज्याने त्याने विचार करावा. मुलगी आहे म्हणून तिचीच शाळा आधी सुटते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी : हार्वर्डचे दार

१८८८ साली फिस्कची पदवी घेऊन ड्यू बॉइस हार्वर्डला पोहोचले. पण हार्वर्डने ती पदवी बरोबरीची मानली नाही. पदवीधर झालेल्या माणसाला पुन्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसावे लागले. काळ्यांच्या गरीब संस्थेत पुस्तके कमी, प्रयोगशाळा कमी, प्राध्यापक कमी. आणि मग त्या कमीपणाचा भुर्दंड विद्यार्थ्याने भरायचा. दोन वर्षे त्यांच्या आयुष्यातून गेली, ती अशी.

हार्वर्डमध्ये त्यांना विल्यम जेम्स यांच्यासारखे थोर गुरू लाभले आणि त्या गुरूंनी त्यांना घरीही बोलावले. पण राहायला ते एका कृष्णवर्णीय कुटुंबात खोली घेऊन राहिले. विद्यार्थ्यांच्या गायनमंडळात त्यांना घेतले नाही. वर्गात जागा मिळाली, वर्गाबाहेर मिळाली नाही. त्यांनी त्याचे दुःख करीत बसण्यापेक्षा ग्रंथालय गाठले. १८९० साली ते सन्मानासह बी. ए. झाले आणि १८९१ साली एम. ए. झाले.

पाचवी पायरी : बर्लिन आणि थांबलेली शिष्यवृत्ती

त्या काळी उच्च संशोधनासाठी जर्मनीस जाण्याची प्रथा होती. काळ्यांच्या शिक्षणासाठी स्लेटर फंड नावाचा एक निधी होता आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज त्याचे प्रमुख होते. लायक काळा विद्यार्थी मिळाला तर त्याला युरोपात पाठवू, पण तसा कोणी मिळत नाही, अशा आशयाचे हेज यांचे उद्गार छापून आले. ड्यू बॉइस यांनी ताबडतोब अर्ज केला. नकार आला. त्यांनी पुन्हा लिहिले, प्रशस्तिपत्रे पाठविली, चिकाटी सोडली नाही. शेवटी ७५० डॉलर मंजूर झाले. त्यातील निम्मे दान होते आणि निम्मे कर्ज.

१८९२ ते १८९४ ही दोन वर्षे ते बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहास शिकले. अमेरिकेत रस्त्यावर पावलोपावली भेटणारा तिरस्कार तेथे त्यांना तसा भेटला नाही. बाबासाहेबांनाही न्यूयॉर्कमध्ये प्रथमच मोकळा श्वास घेता आला, हे आपण जाणतो. डॉक्टरेट हाताशी आली असताना स्लेटर फंडाने पुढची मदत नाकारली. बर्लिनची पदवी न घेताच त्यांना परतावे लागले.

येथे बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. पै पै जमवून आणि छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीने ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. ड्यू बॉइस यांना बर्लिनला विद्यार्थी म्हणून पुन्हा जाता आले नाही. ते १८९५ साली हार्वर्डचे पीएच. डी. झाले. ही पदवी मिळविणारे ते हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय. बर्लिनच्या त्याच विद्यापीठाने पुढे १९५८ साली, ते नव्वद वर्षांचे असताना, त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शिष्यवृत्ती एक वर्ष लवकर थांबली तर माणसाच्या आयुष्यातील किती वर्षे खर्ची पडतात, हे या दोन चरित्रांवरून दिसते.

सहावी पायरी : पदवी आहे, जागा नाही

हार्वर्डचा डॉक्टर, बर्लिनला शिकलेला, लॅटिन-ग्रीक-जर्मन जाणणारा; पण कोणत्याही गोऱ्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले नाही. प्रथम ओहायो राज्यातील विल्बरफोर्स या काळ्यांच्या लहान कॉलेजात ते लॅटिन-ग्रीक शिकवू लागले. १८९६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फियातील काळ्या वस्तीची पाहणी करण्यासाठी त्यांना बोलाविले; पण साहाय्यक शिक्षक एवढीच उपाधी दिली आणि वर्गात शिकवू दिले नाही. ते त्या वस्तीतच राहिले, घरोघर गेले, माणसांशी बोलले आणि १८९९ साली 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काळ्यांची गरिबी त्यांच्या रक्तात नाही, तिच्या मागे इतिहास आहे, नोकऱ्यांची बंदी आहे, भाड्याची लूट आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

भगवान बुद्धांनी शिकविले की दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. ड्यू बॉइस बौद्ध नव्हते. पण लोकांच्या दुःखाचे कारण नशिबात न शोधता जगाच्या व्यवहारात शोधायचे, ही त्यांची रीत आपल्याला परकी वाटत नाही.

शाळांचा हिशेब

१८९७ ते १९१० या काळात ते अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे त्यांनी दरवर्षी एका प्रश्नाची पाहणी करून पुस्तक काढण्याचे काम चालविले. १९०१ साली आणि पुन्हा १९११ साली त्यांनी काळ्यांच्या प्राथमिक शाळांचा प्रश्न घेतला.

दक्षिणेत शाळा वेगवेगळ्या होत्या. १८९६ साली प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोयी समान असतील तर वेगळे ठेवण्यास हरकत नाही, असा निकाल दिला होता. आता हे वेगळेपण पैशात कसे उतरत असे ते पाहा. कर काळा माणूसही भरी आणि गोराही. पण शाळेचा पैसा वाटणारे मंडळ गोऱ्यांचे. काळ्या शाळेला थोडा पैसा, शिक्षकाला कमी पगार, वर्षात शाळेचे दिवस कमी, इमारत मोडकी. मंडळ बदलावे म्हटले तर मत हवे. मत द्यायचे तर मतदान-कर भरा आणि वाचता येते हे सिद्ध करा. ज्याला शाळा दिली नाही त्याला वाचता येत नाही म्हणून मत नाही. आणि मत नाही म्हणून शाळा नाही. असे हे चक्र होते. ड्यू बॉइस यांनी ते उलगडून दाखविले. काळ्यांच्या शाळा गोऱ्यांच्या दयेवर चालतात, हा समज किती पोकळ आहे, हेही त्यांनी हिशेब मांडून दाखविले.

जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे काळ्यांचे एकमेव सरकारी हायस्कूल बंद करण्यात आले. पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९९ साली हरले. ड्यू बॉइस राहत होते त्या अटलांटा शहरात काळ्या मुलांसाठी पहिले सरकारी हायस्कूल १९२४ साली निघाले. तोवर मूल सातवी-आठवीपर्यंत कितीही हुशार असले तरी पुढची सरकारी शाळाच नव्हती.

धंदेशिक्षण की उच्च शिक्षण?

त्याच काळात बुकर टी. वॉशिंग्टन हे काळ्यांचे सर्वांत मोठे पुढारी होते. गुलामीत जन्मून त्यांनी टस्कीगी येथे १८८१ पासून मोठी संस्था उभारली होती. सुतारकाम, विटा, शेती शिकावी, पैसा मिळवावा, राजकीय हक्कांची घाई करू नये, असे त्यांचे सांगणे होते. गोऱ्या धनिकांना ते पसंत पडले आणि देणग्या त्या बाजूला वाहू लागल्या.

ड्यू बॉइस यांनी वॉशिंग्टन यांचे कार्य मानले. श्रमाला त्यांनी कधी कमी लेखले नाही. पण त्यांनी विचारले, टस्कीगीत शिकविणारे शिक्षक कोठे तयार होतात? ते तर कॉलेजातच तयार होतात. वरची शाळा बंद करून खालची शाळा चालत नाही. समाजाला सुतार हवेत तसे वकील, डॉक्टर, प्राध्यापकही हवेत. आणि मताचा हक्क गमावला तर मिळविलेला पैसाही राखता येत नाही. १९०५ साली त्यांनी नायगारा चळवळ उभी केली. १९०९ साली एन. ए. ए. सी. पी. ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

हा वाद जुना झाला असे समजू नका. मुलगा दहावी झाला की चांगले हितचिंतकही म्हणतात, तुमच्याकडच्या मुलाने लवकर हाताला काम देणारे काहीतरी शिकावे. मुलाची आवड तिकडे असेल तर जरूर शिकावे, श्रमात कमीपणा नाही. पण त्याची बुद्धी आणि इच्छा पुढे जाण्याची असेल, आणि केवळ आपल्याकडचा म्हणून कोणी त्याला थांबवीत असेल, तर ते सोंग ओळखावे.

नियतकालिक, मुलांचे मासिक आणि पाठ्यपुस्तक

१९१० साली ड्यू बॉइस यांनी 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले आणि १९३४ पर्यंत चालविले. त्याचा शिक्षण विशेषांक दरवर्षी निघे आणि त्यात पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय मुलामुलींची माहिती व छायाचित्रे छापली जात. खेड्यातील एखादी आई ते पान मुलांना दाखवी आणि मुलांना कळे की आपल्यासारखी दिसणारी माणसेही शिकतात. १९२० व १९२१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'द ब्राउनीज बुक' हे लहान मुलांचे मासिक काढले. शाळेच्या पुस्तकांत काळ्या मुलाला आपला चेहरा एक तर दिसत नसे, किंवा दिसला तर हास्यास्पद दिसे. म्हणून हे मासिक.

वेगळी शाळा की एकत्र शाळा, हाही प्रश्न त्यांनी १९३५ साली एका लेखात घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की मुलाला आधी हवे ते शिक्षण, आणि त्याच्याविषयी आपुलकी बाळगणारा शिक्षक. एकत्र शाळेत रोज अपमान होत असेल तर ती शाळा चांगली नव्हे. आणि वेगळी शाळा दरिद्री ठेवली असेल तर तीही चांगली नव्हे. सामाजिक समतेच्या लढ्यासाठी मुलाला एकट्याला पुढे ढकलून मोठ्यांनी मागे राहू नये. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून मुंबईत सिद्धार्थ आणि पुढे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. त्या महाविद्यालयांची दारे सर्वांना उघडी होती, पण तेथे आपल्या मुलाला परके वाटू नये ही काळजी होती. त्या दोघांचे विचार येथे किती जवळ येतात!

बाबासाहेबांचे पत्र

१९४६ साली नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या हक्कांसाठी अर्ज केला. बाबासाहेबांनी ते वाचले आणि ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील काळ्यांची स्थिती सारखी असल्याने त्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, अशी त्यांनी विनंती केली. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठविले. आपण बाबासाहेबांचे नाव जाणतो आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळविले. एकाने तरटावर बसून शिक्षण घेतले होते, दुसऱ्याने उसन्या खुर्चीवर बसून शिकविले होते. दोघेही डॉक्टर झाले आणि दोघांनीही आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. हा खटला ड्यू बॉइस यांनी उभारण्यास हातभार लावलेल्या संस्थेने लढविला होता. त्यातील एका प्रकरणाची सुरुवात दक्षिण कॅरोलायनातील पालकांनी मुलांसाठी शाळेची बस मागितल्यापासून झाली. पण निकालाने सारे संपले नाही. व्हर्जिनियातील एका परगण्याने एकत्र शाळा नको म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. आणि १९७३ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने घरपट्टीसारख्या स्थानिक करावर शाळा चालवून श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांत पडणारे अंतर घटनेविरुद्ध मानले नाही. रंगाचे सोंग उतरविले तर पैशाचे सोंग शिल्लक राहिले.

शेवटच्या काळात ड्यू बॉइस साम्यवादाकडे वळले. सरकारने त्यांच्यावर खटला भरला, त्यात ते निर्दोष सुटले, पण काही वर्षे त्यांचा पासपोर्ट रोखून ठेवण्यात आला. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धांचा मार्ग दिला आहे; ड्यू बॉइस यांचा मार्ग वेगळा होता, हे सांगितलेच पाहिजे. १९६१ साली ते आफ्रिकेतील घाना देशात गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन शहरात समान हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला आणि तेथे त्यांच्या निधनाची वार्ता सांगण्यात आली.

आपण काय घ्यावे?

तरुणपणी ड्यू बॉइस यांना वाटे की समाजातील दहावा हिस्सा उच्च शिक्षित झाला की तो बाकीच्यांना वर ओढील. १९४८ साली, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी स्वतःच हा विचार पुन्हा तपासला. शिकलेला माणूस स्वार्थीही होऊ शकतो, त्याग आणि चारित्र्य नसेल तर नुसती विद्या समाजाला तारीत नाही, असे त्यांना दिसून आले. बाबासाहेबांनीही १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी खेद व्यक्त केला होता. म्हणूनच आपल्या धम्मात प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा आहे. न्हावी कुळातील उपाली संघात आले आणि विनयाचे सर्वांत मोठे जाणकार झाले. त्यांनी ते ज्ञान आपल्यापाशी ठेवले नाही, संघाला दिले.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या आईबापांनो, आपल्यातील काहींना भीती वाटते की धर्म बदलला म्हणजे मुलांच्या सवलती जातील. १९५६ नंतर बरीच वर्षे केंद्राच्या सवलतींबाबत तसे घडले होते, हे खरे आहे. पण १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही त्या सवलती मिळाल्या. दाखले वेळेवर काढा, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरा. एका चुकलेल्या वर्षाची किंमत बर्लिनच्या हकीकतीत आपण पाहिलीच आहे.

मूल पहिलीत गेले की आपले काम झाले, असे समजू नका. चौथीत, सातवीत, दहावीत, कॉलेजात, नोकरीच्या दारात, प्रत्येक ठिकाणी त्याला विचारा की आज काय झाले. मुलगी असेल तर दोनदा विचारा. ते अडखळले तर आधी त्याच्या बुद्धीला दोष देऊ नका. वाटेत काय उभे आहे ते पाहा. पुस्तक नसेल तर विहारात चार घरांनी मिळून आणा. मोठ्या वर्गातील मुलांना संध्याकाळी विहारात लहानांना शिकवावयास बसवा. ग्रेट बॅरिंग्टनच्या एका पांगळ्या आईने आणि काही लोकांच्या वर्गणीने एक ड्यू बॉइस घडला. आपल्या वस्तीतील जोसी पुढच्या वर्षीची वाट पाहत बसली असेल, तर तिच्या घरी जाण्याचे काम या पंधरवड्यातच करावे.

जयभीम.